समीक्षक म्हणतात 'बघाच', प्रेक्षक म्हणतात 'हे काय होतं?' : तिरकस विनोदी चित्रपटांचे आकडे कसे वाचायचे

एखादा छोटा, चाकोरीबाहेरचा विनोदी चित्रपट येतो. दिग्दर्शकाचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, कलाकारही फारसे ओळखीचे नसतात. पण परीक्षणं उघडावीत तर कौतुकाचा पाऊस पडत असतो. समीक्षकांचा आकडा नव्वद टक्के असतो. त्याच्या शेजारी प्रेक्षकांचा आकडा असतो, तो जेमतेम पंचावन्न. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या की आणखी गोंधळ होतो, कारण एकाला चित्रपट डोळे उघडणारा वाटलेला असतो आणि दुसऱ्याला अर्ध्यातून उठून जावंसं वाटलेलं असतं. 'ठीक होता' म्हणणारे शोधूनही सापडत नाहीत.

उपहासात्मक विनोदी चित्रपटांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडतं की त्याला योगायोग म्हणता येत नाही. यात कुणीतरी खोटं बोलतंय असंही बहुतेक वेळा नसतं. कारण थोडं आकडे कसे काढतात यात आहे आणि बरंचसं उपहास या प्रकारातच आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ

स्वतंत्र चित्रपट म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय आणि म्हणून त्याच्या हुकमाशिवाय काढलेला चित्रपट. पैसा कमी असतो, जाहिरात जवळजवळ नसते, पण शेवट गोड करा असं सांगणाराही कुणी नसतो.

उपहास म्हणजे लक्ष्य असलेला विनोद. सत्ता, बाजार, युद्ध, बातम्यांचा धंदा, असं काहीतरी निवडायचं आणि ते इतकं ताणून दाखवायचं की त्यातला खोटेपणा उघडा पडावा. साधा विनोदी चित्रपट हसवून मोकळा होतो. उपहासात हसू ओसरल्यावर कुणीतरी अस्वस्थ व्हावं अशी अपेक्षा असते आणि बऱ्याचदा ते कुणीतरी म्हणजे समोर बसलेला प्रेक्षकच असतो. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

नव्वद टक्के कशाचे?

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाचा. ते १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे चित्रपटाला ९० टक्के मिळाले याचा अर्थ समीक्षकांनी त्याला शंभरपैकी नव्वद गुण दिले असा नाही. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. वर्गातली सगळी मुलं पस्तीस गुणांनी काठावर पास झाली तरी वर्गाचा निकाल शंभर टक्के लागतो, तसा हा आकडा आहे. किती जण पास झाले ते कळतं, कुणी किती गुण मिळवले ते कळत नाही.

आता दोन चित्रपट घ्या आणि प्रत्येकी दहा समीक्षक. पहिल्याला दहाही जणांनी पाचपैकी तीन तारे दिले, म्हणजे 'बरा आहे'. दुसऱ्याला सात जणांनी पाचपैकी पाच दिले आणि तिघांनी एक. पहिल्याचा निकाल १०० टक्के, दुसऱ्याचा ७०. पण सरासरी काढली तर पहिल्याला ३ तारे पडतात आणि दुसऱ्याला ३.८. सात माणसं ज्याच्या प्रेमात पडली तो चित्रपट कुणालाच न खटकलेल्या चित्रपटाच्या मागे पडला. चांगले उपहासपट बहुतेक या दुसऱ्या गटात असतात.

एक बारकावा फार कमी जणांना माहीत असतो. याच संकेतस्थळावर समीक्षकाचे पाचपैकी तीन तारे साधारणपणे अनुकूल धरले जातात. प्रेक्षकांचं मत मात्र साडेतीन तारे किंवा त्याहून जास्त दिले तरच अनुकूल मोजलं जातं. म्हणजे वरच्या पहिल्या चित्रपटाला दहा प्रेक्षकांनी अगदी तेच तीन तारे दिले असते, तर प्रेक्षकांचा आकडा शून्य आला असता. दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असल्यामुळे एकाच फूटपट्टीने मोजल्यासारखे दिसतात, पण फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. 'समीक्षक विरुद्ध जनता' अशा ज्या वादांवर लोक तावातावाने भांडतात, त्यातला काही भाग नुसता या हिशेबाचा असतो.

मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ २००१ पासूनचं. ते परीक्षणांना शंभरपैकी गुण देऊन त्यांची सरासरी काढतं आणि त्यात काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. त्यामुळे तिथला ७५ हा आकडा दुसरीकडच्या ९० पेक्षा कमी वाटला तरी तो चांगलाच असतो. ६१ किंवा त्याहून जास्त झालं की ते हिरवा रंग देतात. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक एक ते दहा गुण देतात आणि तिथे कोणत्या गुणाला किती मतं पडली याचा आलेखही दिसतो. मला स्वतःला उपहासपटासाठी तो आलेख कुठल्याही एका आकड्यापेक्षा उपयोगी वाटतो. मतं मधल्या गुणांवर गोळा झाली असतील तर चित्रपट साधारण आहे. एका टोकाला दहा आणि दुसऱ्या टोकाला एक असे दोन उंचवटे दिसले, तर चित्रपटाने लोकांना कुठेतरी डिवचलंय हे नक्की.

एकाच विनोदावर दोघं हसतात, पण वेगवेगळ्या माणसाला

मतं दुभंगतात याचं खरं कारण आकड्यांच्या पलीकडे आहे. उपहास करणारा जे बोलतो त्याच्या उलट त्याला म्हणायचं असतं. ते उलटं करून घेण्याचं काम प्रेक्षकाने करायचं असतं आणि प्रत्येक प्रेक्षक ते आपापल्या समजुतीप्रमाणे करतो.

यावर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' नावाची दूरचित्रवाणी मालिका खूप गाजली होती. तिच्यातला आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला, तोंडाळ गृहस्थ. त्याच्यावर हसता हसता लोकांना आपले पूर्वग्रह दिसावेत हा मालिकेचा हेतू. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निघालं ते उलटंच. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्ची आवडत होता, वादात शेवटी तोच जिंकतो असंही त्यांना वाटत होतं. मालिका दोघांनाही आवडली होती, पण एक गट आर्चीवर हसत होता आणि दुसरा आर्चीबरोबर.

२००९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना स्टीफन कोल्बेर या अमेरिकी विनोदवीराच्या टीव्ही कार्यक्रमाबद्दल असंच काही आढळलं. कोल्बेर पडद्यावर कट्टर उजव्या विचारांच्या निवेदकाचं सोंग करायचा. उदारमतवादी प्रेक्षकांना ते सोंग वाटलं. पुराणमतवादी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की तो थट्टा करण्याचं नाटक करतोय आणि बोलतोय ते त्याचं खरं मत आहे. कार्यक्रम विनोदी वाटण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता.

हे दोन्ही अभ्यास मालिकांचे आहेत, पण चित्रपटालाही ते लागू पडतात असं मला वाटतं. चित्रपटात तर दिग्दर्शकाला दर आठवड्याला येऊन खुलासा करण्याची सोयही नसते. मग एकाच प्रसंगाबद्दल एक समीक्षक 'हिंसेचा निषेध' लिहितो आणि दुसरा 'हिंसेची मजा घेणारा'. दोघांनी तोच प्रसंग पाहिलेला असतो आणि दोघंही प्रामाणिक असतात.

एक उदाहरण जवळून

'सॉरी टू बॉदर यू' हा २०१८ चा अमेरिकी चित्रपट या सगळ्याचा चांगला नमुना आहे. दिग्दर्शक बूट्स रायली मुळात रॅप संगीतकार, त्याचा हा पहिलाच चित्रपट. पटकथा आधी लिहून झालेली होती, पैसे मिळत नव्हते, म्हणून २०१४ मध्ये ती पुस्तकरूपात आली. चित्रपट पुढे सुमारे ३२ लाख डॉलरमध्ये झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये सनडान्स या अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रपटांच्या महोत्सवात दाखवला गेला.

नायक कॅशियस ग्रीन हा कृष्णवर्णीय तरुण फोनवरून वस्तू विकण्याची नोकरी धरतो. तो नंबर फिरवतो आणि टेबल-खुर्चीसकट धाडकन समोरच्याच्या घरात जाऊन पडतो. कुणी जेवत असतं, कुणी दुःखात असतं आणि हा मधेच टपकून काहीतरी विकायला लागतो. अनोळखी फोन येतो तेव्हा आपल्याला जे वाटतं ते इथे शब्दशः दिसतं. मग बाजूला बसणारा वयस्कर सहकारी त्याला सल्ला देतो की गोऱ्या माणसाच्या आवाजात बोल. हा आवाज दुसऱ्याच गोऱ्या नटाने दिलेला आहे आणि तो ओठांवर मुद्दाम नीट बसत नाही. त्या आवाजाने कॅशियसची भरभराट सुरू होते. इथपर्यंत जवळपास सगळे प्रेक्षक चित्रपटाबरोबर असतात.

उत्तरार्धात चित्रपट एक असं वळण घेतो की वास्तवाशी त्याचा धागाच तुटतो. ते वळण इथे सांगत नाही. तोपर्यंत नोकरी आणि वर्णभेद यांवरचा खुसखुशीत विनोद होता, तो अचानक भयपटाच्या जवळ जातो. बहुसंख्य समीक्षकांनी या धाडसाचं कौतुक केलं. ज्यांनी तक्रार केली त्यांचं म्हणणं होतं की एकाच चित्रपटात फार गोष्टी कोंबल्या आहेत. समीक्षकांचा आकडा नव्वदीच्या वर गेला, प्रेक्षकांचा त्याच्या बराच खाली राहिला. कौतुक आणि तक्रार दोन्ही एकाच वळणाबद्दल आहेत हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. ते वळण काढून टाकलं असतं तर तक्रारी गेल्या असत्या आणि चित्रपट लक्षात राहण्याचं कारणही गेलं असतं.

समीक्षक आणि प्रेक्षक वेगळ्या खुर्चीत बसलेले असतात

नियमित परीक्षण लिहिणारा माणूस वर्षाला शेकड्याने चित्रपट पाहतो. त्यातले बहुतेक एकमेकांसारखे असतात. त्यामुळे काहीतरी अनपेक्षित दिसलं की त्याला खरोखर आनंद होतो, आणि त्या आनंदात चित्रपटातल्या त्रुटी तो माफ करतो. प्रेक्षक आठवड्याची सुट्टी आणि तिकिटाचे पैसे घालून येतो. जाहिरातीत त्याला फक्त हसवणारे तुकडे दाखवलेले असतात, कारण अस्वस्थ करणारे तुकडे दाखवून तिकिटं खपत नाहीत. मग तो हलकाफुलका चित्रपट समजून आत शिरतो आणि वेगळंच काही पाहून बाहेर पडतो. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही कंपनी पहिल्या दिवशीच थिएटरच्या दारात प्रेक्षकांची मतं घेते. तिच्या श्रेणीत मुख्यतः दिसतं ते एवढंच की अपेक्षा पुरी झाली का.

महोत्सवाचा परिणाम वेगळाच असतो. तिथला प्रेक्षक निवडक असतो, दिग्दर्शक सभागृहात हजर असतो, वातावरण भारलेलं असतं. २००८ मध्ये सनडान्समध्ये 'हॅम्लेट २' या विनोदी चित्रपटाने अशीच धमाल उडवली आणि वितरकाने तो एक कोटी डॉलरला विकत घेतला. चित्रपटगृहात आल्यावर अमेरिकेत त्याची कमाई त्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास राहिली. महोत्सवातली परीक्षणं खोटी नव्हती, पण ती त्या सभागृहातल्या हशासकट लिहिली गेली होती.

आपल्याकडचे पुरस्कारही ही दुफळी मान्य करतात. फिल्मफेअरमध्ये 'क्रिटिक्स' नावाचा वेगळा पुरस्कार असतो. दिल्लीत सरकारी इमारतींवरची माकडं हाकलण्याची नोकरी करणाऱ्या तरुणावरचा प्रतीक वत्स यांचा 'ईब आले ऊ' हा असाच तिरकस, स्वतंत्र चित्रपट. २०२१ मध्ये सर्वोत्तम चित्रपटाचा क्रिटिक्स पुरस्कार त्याला मिळाला.

आज आपटलेला चित्रपट उद्या डोक्यावर कसा घेतला जातो?

एर्न्स्ट लुबिच यांचा 'टू बी ऑर नॉट टू बी' १९४२ मध्ये आला. नाझींनी बळकावलेल्या वॉर्सातली एक नाटक कंपनी त्यांना कशी फसवते याची ही विनोदी गोष्ट. त्यातला एक नाझी अधिकारी नायकाच्या अभिनयाबद्दल म्हणतो की त्याने शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. प्रत्यक्षात तेव्हा पोलंडमध्ये माणसं मरत होती. अनेक समीक्षकांना हा विनोद असह्य वाटला, न्यूयॉर्क टाइम्सनेही झोडपलं. लुबिच हे स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू. त्यांनी त्याच वृत्तपत्रात उत्तर लिहून चित्रपटाची बाजू मांडली. नायक जॅक बेनी याने पुढे सांगितलेली आठवण अशी की, मुलगा नाझी गणवेशात सलाम ठोकताना दिसताच त्याचे वडील थिएटरमधून उठून गेले. मुलाने समजावल्यावर त्यांनी चित्रपट पूर्ण पाहिला आणि मग पुन्हा पुन्हा पाहिला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

चित्रपट तोच, पण जखम ओली असताना जो विनोद निर्दय वाटला तोच जखम भरल्यावर धैर्याचा वाटला. १९४२ च्या समीक्षकांना मूर्ख ठरवण्याचं काही कारण नाही. त्यांनी त्यांच्या दिवसाला साजेसं लिहिलं.

'जाने भी दो यारों'ची गोष्ट थोडी निराळी आहे. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाने काढलेला, सात लाखांच्या आसपास खर्चाचा कुंदन शाह यांचा हा पहिला चित्रपट १९८३ मध्ये आला. पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार शाह यांना मिळाला, पण गल्ल्यावर फार काही झालं नाही. आज सगळ्यांना तो आठवतो तो महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभ्या केलेल्या प्रेतामुळे. पण शेवट आठवून बघा. पूल कोसळल्याचा आळ निरपराध फोटोग्राफरांवर येतो, खरे गुन्हेगार मोकळे राहतात आणि हे दोघं कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत कॅमेऱ्याकडे बघून गळा कापल्याची खूण करतात. मागे 'हम होंगे कामयाब'. दोन तास पोट धरून हसवल्यावर असा शेवट पचायला वेळ लागतो. तो वेळ दूरदर्शनने दिला. घरबसल्या, पुन्हा पुन्हा, आपापल्या माणसांबरोबर लोकांनी तो पाहिला, आणि २०१२ मध्ये दुरुस्त केलेली प्रत परत चित्रपटगृहात लागली.

माईक जज यांच्या 'इडिओक्रसी'ला तर ही पहिली संधीसुद्धा नीट मिळाली नव्हती. मोठ्या स्टुडिओचा असूनही २००६ मध्ये तो मोजक्या सात शहरांत, समीक्षकांना आधी न दाखवता सोडून देण्यात आला. नाव झालं ते नंतर, डीव्हीडी आणि टीव्हीवर.

मात्र या उदाहरणांवरून 'आपटला म्हणजे अभिजात' असा निष्कर्ष काढू नये. आपटलेले आणि आपटलेलेच राहिलेले चित्रपट असंख्य आहेत. ते कुणाला आठवत नाहीत, म्हणून उदाहरणात येत नाहीत.

'तुम्हाला कळलाच नाही' हे उत्तर पुरेसं आहे का?

नाही. उपहासपटाचे चाहते हे वाक्य फार लवकर काढतात आणि मला ते उद्धट वाटतं. प्रेक्षकाला सगळं कळूनही चित्रपट आवडला नसेल, ही शक्यता ते मोजतच नाहीत. लक्ष्य योग्य असूनही विनोद फसू शकतो. पंधरा मिनिटांत संपणारी कल्पना दोन तास ताणलेली असू शकते. सोपं लक्ष्य निवडून प्रेक्षकाला 'आपण किती शहाणे' असं वाटायला लावणारे चित्रपटही असतात, आणि त्यांना मिळणारं कौतुक मला कळत नाही.

उलट बाजूने 'समीक्षकांना उगाच काहीतरी अगम्य आवडतं' हेही तितकंच आळशी आहे. समीक्षकांना खरोखर कुणाचा तरी हात धरावासा वाटतो, विशेषतः छोट्या, पहिल्या चित्रपटाचा. ही सवलत मिळते हे मान्य करायला हवं. स्टुडिओच्या चित्रपटात जी ढिलाई सहन केली जात नाही ती इथे 'कच्चेपणातला गोडवा' म्हणून खपते. त्यामुळे परीक्षणात 'धाडसी', 'बेधडक', 'वेगळा' एवढेच शब्द येत असतील आणि एकाही प्रसंगाचं वर्णन नसेल, तर मी जरा सावध होतो.

मग परीक्षणात बघायचं काय?

पहिल्यांदा हे बघा की समीक्षकाच्या मते चित्रपट कुणावर हसतोय. ते त्याला सांगता आलं नसेल तर एक तर चित्रपट गोंधळलेला आहे किंवा परीक्षण. मग त्याची तक्रार नेमकी कसली आहे ते बघा. 'शेवट कडू आहे', 'पात्रं आवडण्यासारखी नाहीत', 'मधेच सूर बदलतो' या तक्रारी उपहासाच्या स्वभावाबद्दल आहेत, आणि तुम्हाला तसलंच आवडत असेल तर ती शिफारस आहे. 'तोच विनोद पाच वेळा येतो', 'लक्ष्य काय ते दिग्दर्शकालाच ठरवता आलेलं नाही' या कारागिरीबद्दलच्या तक्रारी आहेत आणि त्या गंभीरपणे घ्याव्यात. नीट लिहिलेलं प्रतिकूल परीक्षण वाचून मी अनेकदा चित्रपट बघायला गेलोय, कारण त्या समीक्षकाला जे खटकलं तेच मला हवं होतं.

पण एका आकड्याने एवढं काय बिघडतं?

मोठ्या चित्रपटाचं फारसं बिघडत नाही. त्याची जाहिरात आधीच झालेली असते आणि पहिल्या तीन दिवसांची तिकिटं परीक्षणं येण्याआधी गेलेली असतात. छोट्या चित्रपटाकडे परीक्षण हीच जाहिरात असते. महोत्सवातून आलेली चार-पाच चांगली परीक्षणं दाखवून निर्माता वितरकाकडे जातो. चित्रपटगृहात पहिल्या आठवड्याचे मोजके खेळ मिळतात, तेही गैरसोयीच्या वेळी, आणि दुसऱ्या आठवड्यात ते राहणार की जाणार हे तेवढ्या दिवसांत ठरतं. उपहासपटाला लोकांच्या तोंडून पसरायला वेळ लागतो, कारण तो पाहून आलेला माणूस 'मस्त आहे, जा' असं सरळ सांगत नाही. आधी त्याला स्वतःलाच ठरवावं लागतं की आपल्याला काय वाटलं. तोपर्यंत खेळ उतरलेले असतात आणि चित्रपटाच्या नावासमोर पहिल्या दिवसाच्या बिचकलेल्या प्रेक्षकांनी दिलेला आकडा चिकटलेला असतो. पुढे ओटीटीवर कुणी तो शोधला, तर सगळ्यात आधी दिसतो तो तोच आकडा.